धूर, विस्तव आणि प्रवेशपरीक्षा

मी बालाघाटचा आहे असे सांगितले की आमच्या बेळगावात समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे बीडकडचे का?" मराठवाड्यात बालाघाट नावाची डोंगररांग आहे खरी. पण मी ज्या बालाघाटचा, तो मध्य प्रदेशातला. वैनगंगेच्या काठचा, गोंदियाला लागून असलेला जिल्हा. शब्द एक आणि अर्थ दोन, अशी ही गंमत. आपल्या न्यायशास्त्रात हिला वाक्छल म्हणतात आणि तिचे ठरलेले उदाहरण कांबळ्याचे आहे. एकजण म्हणतो, "हा मनुष्य नवकंबल आहे." त्याला अभिप्रेत असते नवे कांबळे. प्रतिपक्षी विचारतो, "नऊ कांबळी कुठे आहेत? मला तर एकच दिसते!"

तर्कशास्त्राच्या तासाला हे उदाहरण दिले की मुले हसतात आणि परीक्षेपुरते पाठ करतात. या उन्हाळ्यात मात्र ते शास्त्र खरोखर उपयोगी पडते की नाही, हे मला दाखवून देणे भाग पडले, आणि तेही घरातच.

माझी भाची बालाघाटला असते. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, आणि बाईसाहेबांनी ठरवलेली परीक्षा इंग्रजीतून! राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही सामाईक प्रवेशपरीक्षा, जिला सर्वजण 'क्लॅट' म्हणतात, २००८ साली सुरू झाली. गेल्या खेपेला भाचीचा क्रमांक बराच मागे राहिला. भाऊजी धानाच्या गिरणीत मुनीम आहेत. शिकवणीची फी त्यांनी उसनवारी करून भरली होती. त्यांनी शांतपणे सांगितले, "आणखी एक डाव. नाही जमलं तर इथंच बी. ए." मी मे महिन्यात पोचलो तेव्हा घरात हा विषय कोणी काढत नव्हते. काढत नव्हते यावरूनच तो किती मोठा आहे हे कळत होते.

ताईने मला बाजूला घेऊन विचारले, "तू लॉजिकच शिकवतोस ना रे? मग हिचं लॉजिकच कसं कच्चं राहिलं?" या अनुमानातला दोष मी ताईला दाखवला नाही. वयाने ती मोठी आहे.

भाचीने वह्या आणून पुढ्यात टाकल्या. शिकवणीत मिळालेले हजारभर प्रश्न तिने सोडवले होते. कोण कोणाच्या उजवीकडे बसले आहे, सांकेतिक भाषेत अमुक शब्द कसा लिहाल, चित्रातल्या स्त्रीच्या सासऱ्याची मुलगी त्या पुरुषाची कोण. या प्रश्नांत ती तरबेज होती. पण २०२० पासून क्लॅटचा तोंडवळा बदलला आहे. आता तीनचारशे शब्दांचा उतारा देतात आणि त्यावर विचारतात: लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याने न सांगता काय गृहीत धरले आहे, कोणत्या विधानाने त्याचा युक्तिवाद लंगडा पडेल. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. त्यांतले २२ ते २६ तर्काचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या 'एलसॅट' या परीक्षेतूनही बैठकव्यवस्थेसारखी कोडी ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकली आहेत आणि युक्तिवाद पारखण्याच्या प्रश्नांचे वजन वाढवले आहे. म्हणजे भाचीने हजार प्रश्न सोडवले हे खरे, पण त्यांतले बहुतेक जी परीक्षा संपली तिचे होते. (महाराष्ट्राच्या सीईटीसाठी बसणाऱ्यांनी अशा कोड्यांचा सराव टाकू नये, तिथे ती अजून येतात. शिवाय ती परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिथे गुण वजा होत नाहीत.)

मी एक छोटा प्रश्न लिहून दिला. "ज्या गावात मँगनीजची खाण आहे, त्या प्रत्येक गावाला पक्का रस्ता आहे. अमुक गावाला पक्का रस्ता आहे. तर काय निष्पन्न होते?"

ती म्हणाली, "तिथं खाण आहे."

"कशावरून?"

"मामाजी, भरवेलीला खाण आहे, रस्ताही आहे. मी रोज बघते. खरं तेच लिहिलं, मग चूक काऊन?"

विद्यार्थिमित्रहो, या एका उत्तरात दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय सराव व्यर्थ आहे. पहिली चूक, उताऱ्याबाहेरचे ज्ञान आत आणणे. भरवेलीची खाण खरी आहे, पण उताऱ्यात ती नाही. वकिलाला पुढे आयुष्यभर हेच पाळायचे असते. स्वतःला काय ठाऊक आहे ते वेगळे आणि अभिलेखावर काय आले आहे ते वेगळे.

दुसरी चूक पुरातन आहे. धूर दिसला तर डोंगरावर विस्तव आहे, हे नैयायिकांचे अनुमान सर्वांना माहीत असते. जिथे धूर तिथे विस्तव, या नियत साहचर्याला ते व्याप्ती म्हणतात. त्यांनी लगेच बजावून ठेवले आहे की ही व्याप्ती उलटी फिरवता येत नाही. जिथे विस्तव तिथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओले सरपण लागते. या आडून शिरलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. खाण म्हणजे धूर आणि रस्ता म्हणजे विस्तव असे धरा. खाणीवरून रस्ता कळेल, रस्त्यावरून खाण कळणार नाही. रस्ता आमदारांच्या कृपेनेही होतो. मात्र रस्ता नाही असे कळले, तर खाण नाही हे निश्चित; विस्तवच नाही तर धूर कुठला!

भाचीला हे चटकन पटले. पण इंग्रजी उतारा समोर आला की पुन्हा तीच गफलत. दोन दिवस मी तिच्या चुका नुसत्या पाहत बसलो, तेव्हा ध्यानात आले की ती अडखळते ती तर्कात नव्हे, चारपाच बारीक शब्दांत. 'ओन्ली', 'अनलेस', 'सम', 'ऑल'. मोठमोठे शब्द तिने कोशात पाहून पाठ केले होते. या शब्दांना कोण कोश उघडतो?

तिथे मला आपला 'च' सापडला. ही दोन वाक्ये पाहा.

पास असणाऱ्यांनाच आत सोडतात.

पास असणाऱ्यांना आत सोडतातच.

'च' जागचा हलला आणि अर्थ पालटला. पहिल्यात पास ही आवश्यक अट आहे. आत दिसणाऱ्या प्रत्येकाकडे पास आहे हे कळते, पण पास असूनही एखाद्याला दरवाजावरून परत लावले असेल. दुसऱ्यात पास ही पर्याप्त अट आहे. पास दाखवला की झाले. पण बिनपासाचा कोणी आत नाहीच, अशी हमी हे वाक्य देत नाही. इंग्रजीत 'ओन्ली' दिसला की वाक्य मनात मराठीत आणायचे आणि 'च' नामाला लागतो की क्रियापदाला ते बघायचे, असा नियम आम्ही ठरवला. 'अनलेस' आला की 'शिवाय' लावायचा. "पास असल्याशिवाय सोडत नाहीत" म्हणजे पहिलेच वाक्य, वेष बदलून आलेले.

बेळगावला परतल्यावर मी हे आमच्या कन्नड विभागातल्या स्नेह्यांना सांगितले. ते म्हणाले, आमचा शब्दाच्या शेवटी येणारा 'ए' तुमच्या 'च'सारखाच; 'अवने' म्हणजे 'तोच'. पुढे त्यांनी एक इशाराही दिला, तो सीमाभागातल्या मुलांनी ध्यानात ठेवावा. कन्नडमध्ये 'मात्र' म्हणजे 'फक्त'. मराठीत 'मात्र' बहुधा 'पण' या अर्थी येतो. "मला मात्र दे" या वाक्यावरून आपल्या वसतिगृहात एखादे भांडण झाले असेल तर नवल नाही.

'सम' हा शब्द सर्वांत फसवा. बोलताना आपण "काही मुले पास झाली" म्हणतो तेव्हा काही नापासही झाली असे ऐकणारा समजतो. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे किमान एक. सगळे असले तरी विधान खरेच राहते.

हे सारे परीक्षेपुरते शब्दच्छल आहेत असे कोणाला वाटेल. तसे ते नाहीत. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ सांगतो की कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ही 'शिवाय'वाली रचना झाली. कायद्याची कार्यपद्धती हवीच, ही आवश्यक अट. पण ती असली म्हणजे पुरे का? १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा आणि त्यातली कार्यपद्धती असली की या अनुच्छेदाचे समाधान झाले, असे मानले. १९७८ मध्ये, पासपोर्ट जप्त झाल्याच्या मनेका गांधी खटल्यात, न्यायालय म्हणाले की ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे. घटनेतला एक शब्दही या मुद्द्यावर बदललेला नव्हता. आवश्यक अटीला पर्याप्त समजायचे की नाही, एवढाच प्रश्न अठ्ठावीस वर्षे लोंबकळत होता आणि त्यावर माणसे तुरुंगात किंवा बाहेर होती. भाचीला ही हकिकत सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे गणित नाही."

आता सरावाविषयी. रोज शंभर प्रश्नांचा रतीब आम्ही बंद केला. रोज दोन उतारे, त्यांवरचे दहाएक प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांपुढे एकेक ओळ. बरोबर उत्तर का बरोबर हे लिहिणे सोपे असते; बाकीचे तीन का चूक हे लिहिताना घाम फुटतो. त्या चुकांना भाचीने स्वतःच नावे ठेवली: 'बाहेरचा', 'उलटा', 'फुगलेला' आणि 'शेजारचा'. पहिले दोन वर आलेच आहेत. उताऱ्यात "पुष्कळदा" असताना पर्यायात "नेहमीच" आले की तो फुगलेला. शेजारचा म्हणजे विषय तोच, पण मुद्द्याला स्पर्श नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत यांना भारदस्त नावे आहेत. मला तिची अधिक आवडली.

शेजारच्याचे एक उदाहरण देतो, माझ्याच कल्पनेतले. युक्तिवाद असा: "आमच्याकडे छोटी लाइन जाऊन मोठी लाइन आली, त्यानंतर बाहेरगावी शिकायला जाणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून ही वाढ रेल्वेमुळे झाली." हा युक्तिवाद कशाने सर्वाधिक दुबळा होईल? (अ) काही विद्यार्थी अजून बसनेच जातात. (आ) मोठ्या लाइनचा प्रवास आरामाचा आहे. (इ) ज्या तहसिलींत रेल्वे स्टेशनच नाही, तिथेही संख्या त्याच प्रमाणात वाढली. (ई) जबलपूरला महाविद्यालये पुष्कळ आहेत.

भाचीने (अ) निवडला. काहीजण बसने जात असले म्हणून वाढलेले विद्यार्थी रेल्वेने गेलेच नाहीत असे होत नाही, हा शेजारचा. उत्तर (इ). रेल्वे आहे तिथे वाढ आहे, हा अन्वय. रेल्वे नाही तिथे वाढ नाही, हा व्यतिरेक. कारण सिद्ध करायला दोन्ही पाय लागतात. (इ) ने दुसरा पाय मोडला. (ई) बद्दल ती माझ्याशी अर्धा तास भांडली. महाविद्यालये आधीपासून तेवढीच असतील तर वाढीचे कारण ती होत नाहीत, आणि ती नव्याने निघाली असे उताऱ्यात कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा तिने स्वतःच पुढे 'बाहेरचा' असे लिहिले.

अंदाजाने ठोकावे की सोडावे, हाही वाद झाला. शिकवणीत सांगितले होते, ठाऊक नसेल तर शिवू नका. हिशेब मांडला. चारांतला एक डोळे मिटून निवडला तर चार खेपांत सरासरी एक गुण मिळतो आणि पाऊण जातो; तोटा नाही, फायदाही नगण्य. दोन पर्याय नक्की चूक ठरवता आले, तर दोन खेपांत एक मिळतो आणि पाव जातो. म्हणजे चूक पर्याय ओळखण्याला थेट गुण आहेत. वेळेचे भान मात्र हवे. प्रश्नाला एक मिनिट, आणि त्यातच उतारा वाचायचा. ही ओढाताण माझ्याच्याने सुटली नाही. पहिला महिना घड्याळ लपवून ठेवा, पुढे काढा, एवढेच मी सुचवू शकलो.

मी परतल्यावर ती दर रविवारी वहीच्या पानाचे छायाचित्र फोनवर पाठवते. 'उलटे' फार कमी झाले आहेत. 'शेजारचे' अजून छळतात. परीक्षा डिसेंबरात आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर निकालही लागलेला असेल. भाऊजींनी फोनवर विचारले, "काय वाटतं?" मी म्हणालो, उताऱ्यात उत्तर नाही. ते हसले नाहीत.

मागच्या रविवारी मी तिला एक वाक्य पाठवले होते: "सगळी मुले तासाला आली नाहीत." यावरून निष्कर्ष काढ, म्हटले. तिचे उत्तर आले: "मामाजी, आधी वाक्य दुरुस्त करा. एकही आलं नाही, की काही आली आणि काही नाही?" वर्गात वीस वर्षे मी हे वाक्य बेलाशक वापरत आलो आहे. वाचकांनी ते एकाच अर्थाचे होईल असे दोन्ही प्रकारे लिहून पाहावे, आणि जमल्यास कन्नडमध्येही. कागद स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर ठेवावेत.