पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

मन वळविणाऱ्या लेखनात जे पटवून द्यावयाचे ते प्रतिपाद्य होय. त्याविरुद्धचे म्हणणे तो पूर्वपक्ष, आणि त्यास दिलेले उत्तर तो उत्तरपक्ष. पैकी पूर्वपक्षाचीच विद्यार्थी हेळसांड करतात. एका फुंकरीत पडावे असे बुजगावणे उभे करतात!

गोव्याचाच दाखला घेऊ. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश? पहिल्याची निशाणी फूल, दुसऱ्याची दोन पाने. ‘गोमन्तक’ विलीनीकरणवादी, ‘राष्ट्रमत’ विरोधी. दैनिके मात्र दोन्ही मराठीच. मराठीप्रेमी वाचकापुढे मराठीचे प्रेम नाकारून ‘राष्ट्रमत’चे भागणारे नव्हते. भाषा एक म्हणून राज्यही एक, यातला ‘म्हणून’ तेवढा तपासावयाचा होता.

संघप्रदेशास १,७२,१९१ आणि विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली. पेडणे-डिचोलीकडे फुलाची सरशी झाली. तेथील अनेक कुळांना भाटकाराच्या वर्चस्वातून सुटकेची आशा होती. हा पूर्वपक्ष भाषेच्या मुद्द्याहून बळकट. त्यास नुसत्या अलंकारांनी उत्तर देता येत नाही.

घरच्या वृद्धांनी फूल निवडले की पाने, ते विद्यार्थ्यांनी विचारावे, आणि विरुद्ध बाजूचा पूर्वपक्ष पाच वाक्यांत असा लिहावा की त्या बाजूच्या माणसाने तो आपलाच म्हणून स्वीकारावा.