‘उतरून गेला’ आणि ‘निघून गेला’ : मराठी वाक्यातील घटनांची मोजणी

एका वाक्यात किती घटना सांगितल्या आहेत, हे क्रियारूपे मोजून ठरत नाही. पुढील दोन वाक्ये पाहावीत.

(१) तो हाटकेशला उतरून घरी गेला.
(२) तो हाटकेशहून निघून गेला.

दोन्ही वाक्यांत ‘-ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधित आणि त्यानंतर ‘गेला’ हे रूप आहे. बाह्य रचना सारखी असली तरी पहिल्या वाक्यात दोन घटना आहेत, दुसऱ्यात एकच. हा भेद तीन कसोट्यांवर पारखता येतो.

पहिली कसोटी कालवाचकाची. ‘सहाला उतरून सातला घरी गेला’ हे वाक्य सुघटित आहे. ‘सहाला निघून सातला गेला’ असे म्हणताच (२) मधील अर्थ उरत नाही. दुसरी कसोटी ‘मग’ या शब्दाची. तो ‘उतरून मग घरी गेला’ येथे सहज बसतो, ‘निघून मग गेला’ येथे एकसंध अर्थ मोडतो. तिसरी कसोटी निषेधाची. ‘उतरून घरी गेला नाही’ याचा अर्थ उतरला, पण अन्यत्र गेला, असा होऊ शकतो. ‘निघून गेला नाही’ यात मात्र निघणेही नाकारले जाते.

संयुक्त क्रियापद मानावे की नाही, हा मराठी व्याकरणातील जुना वाद आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तही (१९११) संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह आढळतो. त्या वादाकडे घटनांच्या मोजणीच्या अंगाने पाहिल्यास त्याला अर्थाची निश्चित कसोटी लाभते. ‘पत्र लिहून टाकले’ हे वाक्य त्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पत्र पेटीत टाकले असा अर्थ घेतल्यास घटना दोन होतात. लेखन उरकले असा अर्थ घेतल्यास एकच.

या एकच घटनेच्या अर्थी ‘टाकणे’ स्वतंत्र घटना सांगत नाही, तर लिहिण्याच्या घटनेला शेवट देते. झेनो वेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांचे स्थिती, व्यापार, पूर्तीकडे जाणारी क्रिया व क्षणात सिद्ध होणारी क्रिया असे चार वर्ग केले. मराठीत त्यांतील एक सीमारेषा ‘तासभर’ आणि ‘तासाभरात’ या शब्दांनी दाखविता येते. ‘तासभर पत्र लिहिले’ व ‘तासाभरात पत्र लिहिले’ ही दोन्ही वाक्ये चालतात. म्हणजे केवळ भूतकाळी रूपाने पूर्तता सिद्ध होत नाही. ‘तासाभरात पत्र लिहून टाकले’ चालते, परंतु ‘तासभर पत्र लिहून टाकले’ खटकते.

घटनेचे एकत्व हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. यास्काने ‘निरुक्ता’त आख्यात भावप्रधान मानले आणि आरंभापासून अंतापर्यंत पूर्वापर क्रमाने घडणारा भाव त्यातून व्यक्त होतो, असे प्रतिपादिले. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’नुसार क्रमाने उपजणाऱ्या अवयवांचा समूह बुद्धी अभिन्न कल्पिते, तेव्हा त्याला क्रिया म्हणतात. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९६७ मध्ये क्रियावाक्यांच्या तार्किक आकारात घटनेला स्वतंत्र स्थान दिले. तेव्हापासून घटनांची मोजणी हा आधुनिक अर्थविचाराचाही विषय झाला.

या विवेचनाचे महत्त्व व्याकरणापुरते मर्यादित नाही. ‘तो पैसे घेऊन गेला’ या जबानीत पैसे स्वीकारणे व जाणे अशा दोन कृती आहेत, की पैसे नेणे ही एकच, हे अनुवादकाला ठरवावेच लागते. तेथे चुकीची मोजणी झाल्यास माणसाच्या माथी न केलेली कृती येऊ शकते. म्हणून ‘-ऊन’ रूपाचा अर्थ केवळ पूर्वकालवाचक म्हणून शिकविणे अपुरे ठरते.