गोचिडाचा ताप: निदानाचे नेमके नाव आणि त्याचा संकेतांक

कुंभकोणम परिसरातील मराठी कुटुंबे, रुग्णालयात येणारे नागरिक आणि यात्रेकरू यांच्यासाठी

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम परिसरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महाराष्ट्रातूनही असंख्य भाविक येथील मंदिरांच्या दर्शनाला येतात. भातशेती, गुरे, बांधावरचे गवत आणि मोकाट कुत्री यांच्या सहवासात गोचीड व तत्सम सूक्ष्म कीटक माणसाला चावू शकतात. त्यांतून होणारे जिवाणूजन्य ताप वेळेवर ओळखल्यास औषधाने बरे होतात. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर परिणाम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

एक नाव, वेगवेगळे आजार

तमिळमध्ये गोचिडाला ‘उण्णि’ म्हणतात आणि ‘उण्णि काय्चल’ हे नाव बहुधा स्क्रब टायफस या तापासाठी वापरले जाते. प्रत्यक्षात स्क्रब टायफस गोचिडामुळे होत नाही. तो गवतातील अतिसूक्ष्म माइट कीटकाच्या अळीच्या चाव्याने होतो. गोचिडामुळे, विशेषतः कुत्र्याच्या अंगावरील गोचिडामुळे होणारा ताप निराळा. त्याला ‘इंडियन टिक टायफस’ म्हणतात. मराठीत दोहोंनाही सरसकट ‘गोचीड ताप’ म्हटले जाते. त्यातच ‘टायफस’ आणि ‘टायफॉइड’ म्हणजे विषमज्वर ही नावे ऐकताना सारखी वाटतात. मात्र टायफॉइडवर नेहमी दिली जाणारी काही इंजेक्शने टायफसवर उपयोगी पडत नाहीत. म्हणून निदानाचे नाव नेमके असणे महत्त्वाचे आहे.

संकेतांक म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणात प्रत्येक आजाराला एक संकेतांक, म्हणजेच कोड, दिलेला असतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानावरून तो नोंदला जातो. वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील पुढील संकेतांक आपल्या डिस्चार्ज कार्डावर दिसू शकतात:

• ए ७७.१ – गोचिडाचा ताप (इंडियन टिक टायफस)
• ए ७५.३ – स्क्रब टायफस
• ए ०१.० – टायफॉइड
• आर ५०.९ – अनिर्दिष्ट ताप, म्हणजे कारण निश्चित न झालेला ताप

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तिच्यातील संकेतांक वेगळे आहेत. त्यामुळे कागदावर संकेतांकासोबत आजाराचे नावही लिहिलेले असावे.

संकेतांक भाषेवर अवलंबून नसतो. कुंभकोणमला तमिळ भाषक डॉक्टरांनी केलेले निदान पुण्यातील किंवा नागपुरातील डॉक्टरांना त्यावरून अचूक कळते. विम्याच्या दाव्यासाठी तो लागतो. रोगांची मोजणीही त्यावरूनच होते. गोचिडाच्या तापाचा प्रत्येक रुग्ण ‘अनिर्दिष्ट ताप’ म्हणून नोंदला गेला, तर त्या भागात हा आजार आहे हेच नोंदींतून दिसणार नाही.

उपचार संकेतांकासाठी थांबत नाहीत

रक्तात या आजाराची प्रतिपिंडे दिसण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून सुरुवातीचा अहवाल निर्दोष आला तरी आजार नाही असे ठरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दाट संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात; गर्भवतींसाठी वेगळे औषध निवडले जाते. हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये व मध्येच बंद करू नये.

अशा वेळी पहिल्या कागदावर ‘अनिर्दिष्ट ताप’ असे लिहिले असेल, तर ती चूक नव्हे. त्या क्षणी जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्यात नोंदलेले असते. मात्र अहवाल आल्यावर तो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि अंतिम निदान कागदावर नोंदवून घ्यावे. ही पायरी अनेकांकडून राहून जाते.

डॉक्टरांना आवर्जून सांगा

• ताप कोणत्या दिवशी सुरू झाला. डोकेदुखी वा अंगदुखी आहे का.
• गेल्या तीन आठवड्यांत शेतात, गवतात वा प्रवासात कोठे गेला होता.
• घरी कुत्रा किंवा गुरे आहेत का. अंगावर गोचीड आढळला होता का.
• अंगावर पुरळ आहे का. तळहात व तळपायांवरील पुरळ गोचिडाच्या तापात दिसू शकते.
• काख, जांघ किंवा स्तनांखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा, न दुखणारा व्रण आहे का. ही स्क्रब टायफसची महत्त्वाची खूण आहे. संकोचाने लपवू नये.

गोचीड चिकटलेला आढळल्यास

बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढून काढावा. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. नंतर जागा व हात साबणाने धुवावेत. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी आल्यावर स्नान करावे आणि पाळीव कुत्र्यावर पशुवैद्यकाकडून नियमित उपचार करून घ्यावेत.

लक्षात ठेवा

ताप उतरत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. धाप लागणे, गुंगी येणे वा लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे दिसल्यास तत्काळ १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयातून निघताना एकच प्रश्न अवश्य विचारा: “निदानाचे नाव आणि संकेतांक कागदावर लिहिला आहे ना?” तो कागद जपून ठेवा आणि पुढील प्रत्येक भेटीत सोबत न्या.