वृद्धांच्या सोयीची नगररचना : नौबादच्या वाटेवरून काही धडे

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर कर्नाटकात ९.५ टक्के आढळून आले. त्यानंतर आयुर्मान वाढले व जन्मप्रमाण घटले. सीमाभागातील खेड्यांत कर्ती मुले पुण्या-मुंबईकडे किंवा हैदराबादेस कामाला गेलेली आणि घरी केवळ आईवडील, असे चित्र आज नित्याचे झाले आहे. अशा आईवडिलांना दवाखाना, बँक, रेशनचे दुकान व बसथांबा कोणाचाही हात न धरता गाठता येतो काय, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांना अनुकूल शहरांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीसाठी २२ देशांतील ३३ शहरांत वृद्धांशी चर्चा करण्यात आली होती. त्यांत आपल्याकडील दिल्ली व उदयपूर यांचा समावेश होता. रस्ते, वाहतूक, घरे, आरोग्यसेवा, माहितीचा प्रसार इत्यादी आठ बाबींचा विचार तीत केलेला आहे. ही मार्गदर्शिका मोठ्या शहरांसाठी आहे, आमचा तिच्याशी काय संबंध, असे काही वाचकांस वाटेल. म्हणून एका परिचित स्थळाचे उदाहरण घेऊ.

बीदर शहराला लागून असलेले नौबाद तेथील करेजमुळे अभ्यासकांना ठाऊक आहे. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, जांभ्या खडकातून भुयार खोदून हा जलमार्ग तयार करण्यात आला. भुयाराला ठिकठिकाणी वर उघडणारे उभे झरोके असून त्यांतून हवा आत जाई, गाळ काढता येई आणि पाणीही शेंदता येई. मोट नाही, यंत्र नाही. केवळ बेताच्या उतारावर पाणी वस्तीकडे चालत येत असे. उतार अधिक झाला तर पाण्याने तळ खरवडला जाई, कमी झाला तर गाळ साचे. त्या कारागिरांनी उतार किती काळजीपूर्वक मोजला असेल, याची कल्पना यावरून करता येते.

प्रस्तुत लेखक करेज पाहून वस्तीत आला, तेव्हा एका दुकानाच्या पायऱ्यांपुढे सिमेंटचा उतार केलेला दिसला. हेतू चांगला होता. परंतु तीन पायऱ्यांची उंची जेमतेम एक मीटर लांबीत उतरविली होती. त्यावर काठी टेकून चढणे पायऱ्यांहून अवघड आणि पावसात तर धोक्याचे. अशा उतारासाठी नियम सोपा आहे : उंची एक, तर लांबी बारा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर. त्यासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते. जागा नसेल तर उताराचा हट्ट सोडावा आणि सारख्या उंचीच्या, १५ सेंटिमीटरहून उंच नसलेल्या पायऱ्या बांधून बाजूला घट्ट कठडा बसवावा. म्हाताऱ्या माणसाला पायरी उंच असण्यापेक्षाही ती असमान असणे अधिक घातक ठरते. पडण्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखा चालू शकत नाही. कठड्याला लागणारा लोखंडी नळ त्या मानाने फार स्वस्त पडतो.

चालण्याच्या वेगाचीही हीच कथा. सिग्नलची वेळ ठरविताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. बारा मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने १० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला मात्र १५ सेकंद हवेत. उरलेले पाच सेकंद ती वाहनांच्या मध्ये उभी असते. सिंगापूरमध्ये २००९ पासून यावर एक युक्ती योजली गेली. वृद्धाने आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला टेकविले की रस्ता ओलांडण्याची वेळ काही सेकंदांनी वाढते. जेथे सिग्नलच नाही, तेथे रस्त्याच्या मधोमध थांबण्यापुरता ओटा बांधला तरी पुष्कळ काम भागते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख शहरांच्या मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. १९५६ पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी शाळेत गेलेल्या अनेकांना मराठी वा उर्दू वाचता येते, पण कन्नड पाटी वाचता येत नाही. उलट अक्कलकोटच्या बाजूस कन्नड शिकलेल्या वृद्धांना मराठी पाटी वाचता येत नाही. बसवर व दवाखान्याच्या खोल्यांवर मोठे अंक आणि सुबोध चित्रे असतील, तर दोन्हीकडच्या वृद्धांची सोय होईल.

आता यंत्रांविषयी. सीमेवरील एका रेशन दुकानात एक वृद्ध बाई अंगठ्याच्या यंत्रापुढे चौथ्यांदा बोट ठेवीत होत्या. दुकानदार अदबीने म्हणत होता, "मावशी, पुन्यांदा ठेवा." त्या म्हणाल्या, "बोटं झिजली बाबा खुरपून खुरपून. आता नवी कुठनं आणू?" त्या दिवशी त्या रिकाम्या पिशवीने परतल्या, कारण संकेतांक येणारा मोबाइल हैदराबादेस मुलाजवळ होता. आयुष्यभर शेतकाम केलेल्या हातांवरील रेषा झिजतात, वयाबरोबर कातडी कोरडी व पातळ होते. यात त्या बाईंचा दोष कोणता? आधार पडताळणी अयशस्वी झाली म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्र शासनाच्या सूचना ऑक्टोबर २०१७ मध्येच निघालेल्या आहेत. संबंधित कर्मचाऱ्यांनी त्या वाचलेल्या असाव्यात आणि गावकऱ्यांनाही त्या ठाऊक असाव्यात.

तंत्रज्ञानाचा दुसरा नमुनाही आहे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची सोय २०१४ साली सुरू झाली, तीही आरंभी बोटांच्या ठशांवरच अवलंबून होती. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविता येऊ लागली. पोस्टमनकडून घरी येऊन दाखला घेण्याची व्यवस्थाही आहे. बोट चालले नाही तर चेहरा, चेहरा जमला नाही तर माणूस, असा मार्ग प्रत्येक योजनेत ठेवता येण्यासारखा आहे. वृद्धांसाठी १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही २०२१ पासून देशभर उपलब्ध आहे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविण्यास फारसा खर्च येत नाही.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवितो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजीआजोबांबरोबर घरापासून दवाखान्यापर्यंत चालत जावे. सोबत मोजपट्टी व घड्याळ घ्यावे. लागलेला वेळ, प्रत्येक पायरीची उंची, उघडी गटारे, बसण्याची जागा व सावली यांची नोंद करावी. आजी कोठे थांबली आणि का, हे तिलाच विचारून तिच्या शब्दांत लिहावे. नंतर वर्गात सर्वांच्या नोंदींवरून गावाचा नकाशा काढावा, अडचणीच्या जागा लाल शाईने दाखवाव्यात आणि तो ग्रामसभेत ठेवावा. मोजमाप करताना आजीला घाई करू नये, एवढी सूचना मुलांना आधी द्यावी.