उच्च शिक्षणासाठी लॅपटॉप : निवडीचा विचार

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑसबोर्न १’ या नावाचा उचलून नेता येण्याजोगा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा आणि स्मृती ६४ किलोबाइट इतकी होती. किंमत होती १,७९५ डॉलर. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी दीड किलो वजनाचा जो लॅपटॉप पिशवीत घालून एस.टी.ने प्रवास करतो, त्याची स्मृती १६ गिगाबाइट असेल तर ती त्या पहिल्या यंत्राच्या अडीच लाख पटींहून अधिक भरते. शास्त्राने केलेली ही प्रगती थक्क करणारी आहे. मात्र यंत्रे जितकी वाढली तितकी निवड अवघड झाली, हेही तितकेच खरे आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ‘स्वयम्’ या २०१७ साली सुरू झालेल्या व्यासपीठावरील अभ्यासक्रम, ‘शोधगंगा’वरील प्रबंध आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातील ग्रंथ या सर्वांचे दार संगणकाच्या पडद्यावरच उघडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस मान्यता दिली. १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्याची ही योजना आहे. महानगरातील मोठ्या ग्रंथालयापुरती मर्यादित असलेली ज्ञानसामग्री अशा रीतीने आडगावच्या विद्यार्थ्यापर्यंत येऊ शकते. ती हाती पडण्यास साधन मात्र योग्य हवे.

ग्रामीण कुटुंबात हे साधन बहुधा एकदाच आणि एकच विकत घेतले जाते. साहजिकच त्याच्याकडून दुहेरी अपेक्षा असते : मुलीचा अथवा मुलाचा अभ्यास व्हावा आणि घरच्यांची करमणूकही व्हावी. खरेदीपूर्वी सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकांना, ग्रामसेवकांना किंवा पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याला. तो सल्ला चुकला तर एका हंगामाची पुंजी वाया जाते. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन गरजा, दोन स्वभाव

शिक्षण आणि करमणूक यांची एकाच यंत्रात सांगड घालण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून एकाच संचावर शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ आणि इतरांसाठी चित्रपट अशी विभागणी होत आली आहे. दूरदर्शन संचाच्या बाबतीत ती वेळेची विभागणी होती. लॅपटॉपच्या बाबतीत प्रश्न यंत्राच्या घडणीचाच असतो.

अभ्यासाला काय लागते? एकाच वेळी वीस-पंचवीस शोधनिबंध उघडे ठेवता यावेत, शेजारी टिपणे लिहिता यावीत, आकडेमोडीची प्रणाली अडखळू नये, वीज गेली तरी चार-पाच तास काम चालावे आणि रोजच्या प्रवासात ओझे होऊ नये. करमणुकीला लागतो तो मोठा व उजळ पडदा, भरदार आवाज आणि खेळांसाठी चित्रनिर्मितीची वेगळी क्षमता. या दुसऱ्या यादीतील प्रत्येक गोष्ट यंत्राचे वजन, विजेची भूक किंवा किंमत वाढविते. ठरलेल्या रकमेत दोन्ही याद्या पूर्ण होत नाहीत. अशा वेळी कोणत्या यादीला अग्रक्रम द्यावयाचा, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ठरविणे इष्ट होय.

अंतर्भागांची ओळख

प्रोसेसर हा संगणकाचा कर्ता भाग. त्याच्या नावातील अंक व अक्षरे समजून घेतल्यास बरीचशी फसगत टळते. ‘इंटेल कोअर आय ५–१२३५यू’ या नावातील ‘१२’ हा अंक पिढी दर्शवितो, तर अखेरचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज घेणारी जात सुचविते. त्याच पिढीतील ‘१२४५०एच’ मधील ‘एच’ अधिक वीज घेऊन जड कामे करणारी जात दाखविते. पहिल्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, तर दुसऱ्याची ४५ वॅट आहे. जुन्या पिढीचा ‘आय ७’ हा नव्या पिढीच्या ‘आय ५’पेक्षा सरस असतोच असे नाही. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५’ मालिकेतील ‘७५२०यू’ व ‘७५३०यू’ ही नावे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यात ४ गाभे असून त्याची रचना जुन्या धाटणीची आहे, दुसऱ्यात ६ गाभे आहेत आणि रचना त्यानंतरची आहे. नावातील एका अंकाचा हा फरक पुढे चार-पाच वर्षे जाणवत राहतो.

रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती. लिहिण्याच्या टेबलाची जशी रुंदी, तशी ही स्मृती होय. टेबल अरुंद असले की एक ग्रंथ उघडण्यासाठी दुसरा मिटावा लागतो. विंडोज ११ ही प्रणाली ४ गिगाबाइट रॅमवर चालू शकते, परंतु त्यावर पदव्युत्तर अभ्यास होणे कठीण. ८ गिगाबाइट ही आजची किमान मर्यादा मानावी आणि शास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल अशा विषयांना १६ गिगाबाइट गृहीत धरावे. अनेक पातळ यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असते आणि ती मागाहून वाढविता येत नाही. म्हणून रॅम वाढविण्यासाठी जागा आहे काय, हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा.

साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क दर सेकंदास सुमारे १०० मेगाबाइट माहिती वाचते, तर एसएसडीचा साधा प्रकारदेखील सुमारे ५०० मेगाबाइट वाचतो. त्यामुळे एसएसडीचा आग्रह धरावा. जागेविषयी मात्र अवास्तव भीती नको. प्रत्येकी २ मेगाबाइटचे २,००० शोधनिबंध साठविले तरी ४ गिगाबाइट एवढीच जागा लागते, आणि उत्तम प्रतीचा एक चित्रपटही जवळपास तेवढीच जागा अडवितो. ५१२ गिगाबाइटची एसएसडी बहुतेक विद्यार्थ्यांस पुरते. ती भरते ती बहुधा अभ्यासाने नव्हे.

पडद्याची उभी-आडवी बिंदुसंख्या १९२० गुणिले १०८० असावी. तीत एकूण २०,७३,६०० बिंदू होतात. १३६६ गुणिले ७६८ या जुन्या प्रमाणात ते १०,४९,०८८ म्हणजे निम्म्याच्या आसपास भरतात. देवनागरीतील जोडाक्षरे व बारीक तळटीपा तासन्‌तास वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक मोलाचा वाटतो.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर वाचन-लेखनास ८ ते १० वॅट वीज घेणारे यंत्र पाच-सहा तास चालते. तीच बॅटरी खेळासाठी ६० वॅट वीज खेचणाऱ्या यंत्रात तासभरही टिकत नाही. जेथे वीजपुरवठा वेळी-अवेळी खंडित होतो, तेथे हा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

एक उदाहरण

सांगोला तालुक्यातील एका डाळिंब उत्पादक कुटुंबाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. मुलीला कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठात भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला आहे. डाळिंबाच्या पट्टीतून लॅपटॉपसाठी रक्कम बाजूला काढली आहे. धाकट्या भावाला खेळांसाठी जोरकस यंत्र हवे आहे आणि वडिलांना घरी क्रिकेटचा सामना व आईला मालिका पाहावयाच्या आहेत. दुकानात तीन यंत्रे पुढे येतात.

पहिले १६ इंची, वेगळी चित्रनिर्मितीक्षमता असलेले, खेळांसाठी उत्तम, पण ८ गिगाबाइट रॅमचे. चार्जर धरून त्याचे वजन तीन किलोंच्या घरात जाते आणि किंमत ठरविलेल्या रकमेच्या थोडी बाहेर आहे. दुसरे स्वस्त व दिसावयास मोठे आहे, त्याबरोबर पिशवी व हेडफोन मोफत मिळतात, परंतु त्याचा प्रोसेसर जुन्या घडणीचा असून रॅम वाढविण्यास वाव नाही. तिसरे १४ इंची, १४०० ग्रॅमचे, अलीकडच्या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरचे, १६ गिगाबाइट रॅम व ५१२ गिगाबाइट एसएसडी असलेले. ते दिसावयास साधे आहे.

आता गरजा तपासू. भूगोलाच्या विद्यार्थिनीला उपग्रहचित्रांवर काम करावे लागेल. युरोपीय ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या एका दृश्याचे आकारमान अर्ध्या ते एका गिगाबाइटपर्यंत असते. ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रणालीत अशी तीन-चार दृश्ये एकावर एक ठेवून तालुक्यातील पाण्याखालचे क्षेत्र मोजावयाचे तर ८ गिगाबाइटची रॅम अपुरी पडू लागते. चित्रनिर्मितीची वेगळी क्षमता या कामी फारशी उपयोगी पडत नाही. म्हणजे पहिल्या यंत्रात ज्यासाठी जादा पैसे मोजावयाचे ते अभ्यासाला नको आहे आणि अभ्यासाला जे हवे ते त्यात उणे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलगी वसतिगृहात राहणार असल्याने यंत्र कोल्हापुरास जाणार आणि घर सांगोल्यास राहणार. घरच्या करमणुकीसाठी म्हणून जी किंमत वाढवावयाची, त्याचा लाभ घराला सुटीपुरताच मिळणार. उलटपक्षी यंत्र घरीच ठेवावयाचे ठरले तर सायंकाळी ते प्रथम कोणाच्या हाती जाते आणि कोणाचा अभ्यास मागे पडतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. घरातील दूरदर्शन संच करमणुकीचे काम आजही उत्तम करतो. सुटीत लॅपटॉप एचडीएमआय केबलने त्या संचास जोडला की पडदाही मोठा मिळतो व आवाजही. ही केबल काही शे रुपयांत मिळते. भावाचे साधे खेळ तिसऱ्या यंत्रावरही चालतील. म्हणून या कुटुंबाने तिसरे यंत्र घेणेच श्रेयस्कर.

हा निष्कर्ष सरसकट लागू करू नये. त्रिमिती सचेतपट किंवा यंत्रशिक्षण हा विषय असता तर वेगळी चित्रनिर्मितीक्षमता हीच अभ्यासाची गरज ठरली असती आणि १६ गिगाबाइट रॅमसह पहिल्या जातीचे यंत्र, वजन सोसूनही, योग्य झाले असते. मराठी, इतिहास अथवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ८ गिगाबाइटचे साधे यंत्र पुरेल. त्याने वाचविलेली रक्कम चांगल्या पडद्यावर किंवा ग्रंथांवर खर्च करावी. विभागाच्या प्रयोगशाळेत कोणती यंत्रे व कोणत्या प्रणाली उपलब्ध आहेत, याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करणे हितावह होय.

प्रणाली, मराठी लेखन व जुनी यंत्रे

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि बरीच जुनी यंत्रे त्या कसोटीस उतरत नाहीत. म्हणून वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ही बाब प्रथम तपासावी. अशी जुनी यंत्रे अगदीच टाकाऊ नसतात. उबुंटू अथवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ यांसारखी मुक्त प्रणाली घालून त्यांवर लेखन-वाचन करता येते. लिब्रे ऑफिस, संख्याशास्त्रासाठी ‘आर’ व संदर्भांच्या व्यवस्थेसाठी ‘झोटेरो’ या प्रणालीही विनामूल्य आहेत. मराठी लेखन युनिकोडमध्ये, शक्यतो इन्स्क्रिप्ट कळफलकाने करावे. जुन्या टंकांत लिहिलेला प्रबंध दुसऱ्या यंत्रावर उघडताच अक्षरे विस्कटलेली दिसतात.

प्रबंधाची एक प्रत यंत्रात, दुसरी बाहेरच्या साठवणीत आणि तिसरी इंटरनेटवरील खात्यात असावी. यंत्र हरवले तर नवे घेता येते. दोन वर्षांची क्षेत्रीय निरीक्षणे पुन्हा मिळत नाहीत.

खरेदी करताना

पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक व वस्तू व सेवा कराचा तपशील असावा. लॅपटॉपवर या कराचा दर १८ टक्के आहे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण पाहावी. हमी किती वर्षांची, तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र शहरात न्यावे लागणार आणि सर्वांत जवळचे सेवा केंद्र कोणत्या गावी, हे तीन प्रश्न लेखी उत्तर मिळेपर्यंत सोडू नयेत. मोफत मिळणाऱ्या वस्तूंपेक्षा हमीचे एक वाढीव वर्ष अधिक किमतीचे असते.

संस्थांचे कर्तव्य

प्रत्येक घराला लॅपटॉप परवडेल असे नाही. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत दोन-तीन चांगली यंत्रे व भरवशाचे इंटरनेट असल्यास अनेकांची सोय होते. अशा खरेदीच्या मागणीपत्रात नुसते ‘लॅपटॉप, नग ३’ असे न लिहिता प्रोसेसरची पिढी, रॅम, एसएसडी, पडद्याची बिंदुसंख्या व जागेवर सेवेची हमी स्पष्ट नमूद करावी. मोघम मागणीला मोघमच माल मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवावीत. ती भंगारवाल्यास देणे पर्यावरणास घातक आहे.

लॅपटॉप घेताना करमणुकीचा विचार करू नये असे नाही. श्रमानंतर विरंगुळा सर्वांनाच हवा. परंतु विरंगुळ्याची सोय आणखी दहा मार्गांनी होते. दूरच्या गावाहून विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याजवळ ज्ञानभांडाराची किल्ली मात्र बहुधा एकच असते. ती निवडताना शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी जाणतेपणाने हात दिला, तर कष्टाचा पैसा सत्कारणी लागेल आणि गावातील उद्याच्या अभ्यासकाची वाट सुकर होईल.