पाठीवरचा डबा: पालघरच्या गडवाटांवरील अन्नाची राखण

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानात मुक्काम करणाऱ्यांना आपला शिधा अस्वलरोधक डब्यात, म्हणजे अस्वलाला दातांनी फोडता वा पंजाने उघडता येणार नाही अशा जाड, गुळगुळीत नळकांड्यात, ठेवणे सक्तीचे आहे. पालघरच्या गडांवर अस्वलाची धास्ती नसली, तरी वाघोबा खिंडीत, जिथून काळदुर्गाची वाट वर चढते, माकडांचा उपद्रव नवख्या भटक्यांना हमखास भोवतो. कारण ये-जा करणारी माणसे तेथे केळी आणि बिस्किटे टाकत आली असल्याने पिशवीची नुसती सळसळही माकडांना खाण्याची खूण वाटते. हा दोष माकडांचा नव्हे, माणसांचा आहे.

माकडांपासून शिधा राखण्यासाठी फिरकीच्या झाकणाचा, जाड प्लास्टिकचा नवा डबा पुरतो. मात्र बोईसर-तारापूरसारख्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात भंगारात मिळणारे वापरलेले पिंप स्वस्त पडते म्हणून अन्नासाठी घेणे घातक आहे, कारण पूर्वीच्या रसायनाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असू शकतो आणि तो धुऊन जाईलच असे नाही.

डबा घेतल्यावर खरी कसोटी तो वाहण्याची असते. सॅकला बाहेरून टांगलेला भरला डबा प्रत्येक पावलागणिक झोके घेतो, आणि अशेरीगडाच्या कातळटप्प्यावर, जिथे दोन्ही हात आधारासाठी मोकळे लागतात, तोच झोका माणसाचा तोल घालवू शकतो; तळाशी ठेवला तर भार कमरेखाली ओढतो, आणि अगदी वर ठेवला तर उतरताना माणूस पुढे झुकतो. म्हणून तळाशी पांघरुणासारखी मऊ, हलकी वस्तू भरून त्यावर डबा उभा, पाठीलगत आणि खांद्यांच्या पात्यांच्या किंचित खाली ठेवावा. त्याची कड मणक्याला टोचू नये म्हणून मध्ये घडी केलेला सदरा सरकवावा, भोवतीची पोकळी कपड्यांनी ठासावी, आणि कमरपट्टा आवळून भार खांद्यांऐवजी नितंबांच्या हाडांवर घ्यावा. डब्यात भाकरी, चटणी, गूळ यांबरोबर वास मारणारी प्रत्येक वस्तू, अगदी साबण आणि दंतमंजनसुद्धा, गेली पाहिजे. सातपाटीचे सुके बोंबील नेणाऱ्यांनी तर ते आधी घट्ट पिशवीत बांधलेच पाहिजेत.

अशेरीच्या गुहेत मुक्काम असल्यास डबा निजण्याच्या जागेपासून दूर, सपाट जमिनीवर आणि कड्यापासून आत ठेवावा; त्याला दोरी बांधू नये, कारण दोरी म्हणजे ओढून नेण्यासाठी आयती मूठ होय. उंदरांचा बंदोबस्तही यातच होतो. माकडाने एखादी वस्तू हिसकावलीच, तर ती परत मिळवण्यासाठी झटापट करू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन, जखम किरकोळ वाटली तरी, त्याच दिवशी रेबीज प्रतिबंधक लशीसाठी रुग्णालय गाठावे.