पाटी लावण्याआधी तीन प्रश्न



गटाचा माल चांगला असतो, पण गिऱ्हाइकाला दुकान सापडत नाही, ही अडचण बऱ्याच बैठकांत ऐकायला मिळते. म्हणून या वेळचा पाठ दुकानाच्या पाटीवर.

सुरुवात एका चुकीपासून करते. त्या चुकीत माझाही वाटा आहे. आपल्या एका गटाने शहरात गाळा भाड्याने घेतला. मसाले, पापड आणि सुकेळी विकायची होती. गाळा गल्लीत आत होता, म्हणून मीच म्हटलं, "मोठी पाटी लावा, लोक येतील." गटाने अंतर्गत कर्जातून साडेसहा हजार काढले. गाळ्यावर दिव्याची पाटी लावली आणि नाक्यावरच्या विजेच्या खांबाला बाण दाखवणारा फ्लेक्स बांधला. "परवानगीचं मी बघतो," असं म्हणून पाटीवाल्याने हजार रुपये वेगळे घेतले. पावती काही दिली नाही. पंधरा दिवसांत पथक आलं, फ्लेक्स काढून नेला आणि दिव्याच्या पाटीचा परवाना मागितला. दाखवायला आमच्याकडे कागदच नव्हता. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले.

आधी तीन प्रश्न विचारले असते तर हे टळलं असतं.

पहिला प्रश्न: जागा कोणाची?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. या हद्दीत पाटीची परवानगी महापालिका देते. चौकशी आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात करायची. हा शहराचा प्रभाग आहे, आपल्या प्रभागसंघाशी गल्लत करू नका. अर्नाळा, पारोळसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात दुकान असेल तर आधी ग्रामपंचायतीत जायचं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाची जागा राष्ट्रीय महामार्गाची असते आणि स्टेशनची जागा रेल्वेची. तिथे त्यांना विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. विजेचा खांब, झाड, सरकारी भिंत यांवर पाटी लावूच नका. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाळा भाड्याचा असेल तर मालकाची आणि इमारत सोसायटीची असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. "हो, लावा ना" हे तोंडी बोलणं उद्या कोणी मानत नाही.

दुसरा प्रश्न: पाटी कसली?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली कलमं २४४ आणि २४५ पाटीबद्दल आहेत. जाहिरात लावायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, हा मूळ नियम. पण ज्या जागेत धंदा चालतो, त्याच जागेवर त्याच धंद्याची साधी, बिनदिव्याची पाटी असेल तर कलम २४५ सूट देतं. आपल्या बहुतेक गटांना एवढी पाटी पुरते.

सूट कधी जाते?

- पाटीला दिवे लावले तर.
- पाटी गच्चीवर किंवा खांबावर अशी उभारली की रस्त्यावरून पाहताना तिच्यामागे आकाश दिसतं, तर. कायद्यात याला आकाशचिन्ह म्हणतात. याची परवानगी एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, मग नूतनीकरण. पाटीत स्वतःहून बदल केला किंवा तिचा भाग पडला तरी परवानगी संपते.
- पाटी दुकानापासून लांब लावली तर. आमचा नाक्यावरचा बाण यातच येतो.

आणखी एक सांगते. थंड पेयाची किंवा मोबाईलची कंपनी फुकट पाटी देते. वर कंपनीचं भलंमोठं नाव, खाली कोपऱ्यात आपलं. ती आपली पाटी राहत नाही, कंपनीची जाहिरात होते, आणि तिची विचारणा दुकानदाराकडे होते. घेण्याआधी परवानगी आणि शुल्क कोण भरणार, ते कंपनीकडून लिहून घ्या.

तिसरा प्रश्न: पाटीवर काय आणि पाटी कशाची?

दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवंच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू झालं. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय नोंदणी दुकानात दिसेल अशी लावा. फ्लेक्स करणार असाल तर जाडी विचारा. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर देशभर बंदी आहे. त्यापेक्षा पत्र्यावर रंगवलेली पाटी जास्त टिकते.

एवढे नियम कशाला?

एक ताई म्हणाल्या, "गरिबालाच सगळे कागद मागतात." त्यांचा राग मला समजतो. पण १३ मे २०२४ ची घाटकोपरची घटना आठवा. वादळी वाऱ्यात छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, फलक होता १२० बाय १२० फुटांचा. आपली पाटी लहान असली तरी किनाऱ्यावरचा वारा आपल्याकडेही आहे. सैल पत्रा शाळेतून येणाऱ्या पोराच्या डोक्यात पडायला वेळ लागत नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी पाटीचे बोल्ट आणि वायर तपासून घ्या.

अर्जासोबत काय न्यायचं?

भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, मालकाची संमती, दुकान कायद्याखालच्या नोंदीचा कागद, गटाचा ठराव, पाटीचं माप आणि मजकूर, जागेचा फोटो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. शुल्क कार्यालयातच विचारा, तिथेच भरा आणि पावती फाइलला लावा. परवानगी मिळाली की तिचा क्रमांक आणि मुदत पाटीच्या कोपऱ्यात लिहून घ्या. आणि पाटीचे पैसे परवानगी हातात आल्यावरच द्या.

त्या गटाने आता दिवे काढले आहेत. गाळ्यावर साधी मराठी पाटी आहे आणि नाक्यावरच्या किराणावाल्या काकांच्या दुकानात, त्यांना विचारून, गटाची छोटी कार्डं ठेवली आहेत. गिऱ्हाईक विचारत विचारत येतं.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या दुकानाची किंवा स्टॉलची जागा कोणाच्या हद्दीत येते?
२. आपल्या पाटीला परवानगी लागते की सूट आहे? कशावरून?
३. "मी बघून घेतो" म्हणणाऱ्याला गटाने आजवर किती पैसे दिले, आणि पावती किती वेळा मिळाली?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात नक्की लिहा. पुढच्या भेटीत मी ते वाचणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक